जोखीम कोणाची?

माझी आजी एसटीने गावाला निघाली, की स्वारगेटच्या फलाटावर आम्हा पोरांना दबक्या आवाजात बजावायची, “इकडेतिकडे हुंदडू नका, बरोबर जोखीम आहे.” जोखीम म्हणजे तिच्या लुगड्याच्या ओच्यात बांधलेल्या चार पाटल्या आणि थोडी रोकड. लहानपणी मला वाटे, जोखीम हे एखाद्या दागिन्याचेच नाव असावे. पुढे कळले, की मराठीत हा शब्द दोन अंगांनी चालतो. जी मौल्यवान वस्तू सांभाळायची तीही जोखीम आणि ती हातची जाण्याची शक्यता तीही जोखीम. एक असल्याशिवाय दुसरी नसते. ज्याला किंमत नाही, त्याची जोखीमही नाही.

कारखान्यांतल्या आणि बांधकामांवरच्या अपघातांविषयी मी गेली अनेक वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे आणि जमेल तिथे जाऊन पाहत आलो आहे. या विषयातली इंग्रजी पुस्तके तक्त्यांनी आणि चौकटींनी भरलेली असतात. ती वाचताना मला आजीच्या त्या शब्दानेच वाट दाखवली. कामाच्या ठिकाणी धोका ओळखायचा म्हणजे काय, हे समजून घेताना आधी विचारावे लागते, की इथे जोखीम म्हणून काय सांभाळले जाते आहे? मशीन, डाय, माल, मुदत, की हात?

या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण सांगणे भाग आहे. १९९१ साली मी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो. पंधरावीस माणसे, सहा पॉवर प्रेस, दोन ड्रिल मशीन. आसपासच्या मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांना माल पुरवणारे असे अनेक कारखाने तेव्हाही होते, आजही आहेत. आमच्याकडे वॉशर, ब्रॅकेट, क्लॅम्प असे तुकडे होत. त्या तुकड्यांवर कोणाचे नाव नसते, पण त्यांच्याशिवाय गाडी उभी राहत नाही.

प्रेस मशीन कसे चालते हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. वरच्या बाजूला एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. मोटर चालू असेपर्यंत ते फिरतच राहते. पायाखालचे पेडल दाबले, की क्लच त्या चाकाला आडव्या दांड्याशी जोडतो. दांडा एक फेरा घेतो, त्याला जोडलेला लोखंडी ठोकळा, म्हणजे रॅम, खाली येतो, पत्रा कापतो किंवा वाकवतो आणि वर जातो. जुन्या मशीनमध्ये हा क्लच चावीचा असतो. चावी एकदा खाचेत बसली, की फेरा पुरा झाल्याशिवाय सुटत नाही. मध्येच कोणाचा हात दिसला, तुम्ही ओरडलात, मोटर बंद केलीत, तरी रॅम खाली येणारच. चाकात साठलेला जोर मोटरचे बटण ओळखत नाही. त्यात चावी परत खेचणारी स्प्रिंग थकली किंवा तुटली, तर पेडलवरून पाय काढल्यानंतरही रॅम न सांगता दुसऱ्यांदा खाली येतो. शॉपवर त्याला ‘डबल मारला’ म्हणतात.

आमच्या तीन नंबरच्या मशीनने एका सोमवारी डबल मारला. त्या मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणत. त्यांनी सुपरवायझरला सांगितले, “साहेब, तीन नंबर ठीक वाटत नाही. आवाज बदललाय.” सुपरवायझर म्हणाला, “माल उद्या जायचाय मामा, परवा बघू.” मामांनी हात आत घालायचे बंद केले आणि चिमट्याने तुकडा उचलू लागले, त्यामुळे काम निम्म्यावर आले. बुधवारी मामांना दुसऱ्या मशीनवर बसवले आणि तीन नंबरवर मराठवाड्यातून आलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा दिला. त्याला आवाज बदलला म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुपारच्या चहाआधी त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले.

अपघाताचा फॉर्म मी भरला, कारण माझे अक्षर चांगले होते. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात काय लिहायचे ते सुपरवायझरने सांगितले आणि मी लिहिले : कामगाराचा निष्काळजीपणा. मामांचे सोमवारचे बोलणे मी ऐकले होते. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, असे मी पुढे बरीच वर्षे स्वतःला सांगत राहिलो.

त्या मुलाच्या बोटांचा हिशेब पुढे झाला तो कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते आणि राज्य विमा योजनेतही तसेच कोष्टक चालते. शरीराचा कोणता भाग गेला म्हणजे कमावण्याची शक्ती किती टक्के गेली, याची ती यादी आहे. अंगठा ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. एका हाताची चारही बोटे ५० आणि अंगठ्यासह सगळा हात ६०. गंमत अशी, की तर्जनी आणि मधले बोट सुटे सुटे धरले तर बेरीज २६ होते, पण ‘एका हाताची दोन बोटे’ या कलमात ती २० होते. या कोष्टकाला नावे ठेवायचा माझा हेतू नाही, कारण ते नसते तर त्या मुलाला काहीच मिळाले नसते. पण एवढे दिसते, की बोटाला किंमत लागते ती ते गेल्यावर. असताना त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. डायची मात्र असते. आमच्याकडे प्रत्येक डायचे कार्ड होते, त्यावर किती तुकडे मारले, कधी धार लावली, सगळे लिहिलेले असे. आजीच्या भाषेत, जोखीम होती ती डाय.

सुरक्षेच्या शास्त्रात धोका आणि जोखीम हे दोन शब्द वेगळे ठेवतात, आणि तो भेद कामाचा आहे. रॅम हा धोका. तो तिथे असणारच, तो पत्रा कापतो म्हणून तर मशीन आहे. जोखीम ठरते ती त्या धोक्याशी माणसाची गाठ किती वेळा आणि कशी पडते यावर. मिनिटाला बारा तुकडे धरले, तरी सात तासांत हात पाच हजारांवर वेळा रॅमखाली जातो. आता समजा, माणूस इतका पक्का आहे की दहा हजारांत एकदाच त्याचा हात चुकतो. परीक्षेत असा विद्यार्थी पहिला येईल. प्रेसवर मात्र तो दोन दिवसांत एकदा चुकेल. दर चुकीला बोट जात नाही, कारण बहुतेक वेळा चूक रॅम वर असतानाच निभते. पण ‘नीट लक्ष देऊन काम कर’ हा उपदेश किती तोकडा आहे हे या त्रैराशिकावरून कळते.

म्हणून उपायांचीही एक उतरंड लावतात. सगळ्यात वर, धोकाच काढून टाकणे. ते जमले नाही तर बदलणे, मग माणूस आणि धोका यांच्यामध्ये काही आडवे घालणे, मग नियम आणि शिक्षण, आणि सगळ्यांत खाली अंगावर घालायची साधने. प्रेसवर याचा अर्थ सरळ आहे. पत्र्याची पट्टी गुंडाळीवरून आपोआप आत जाऊ लागली तर हात आत जातच नाही. तेवढा पैसा नसेल तर डायच अशी बांधायची की फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. नाहीतर डायभोवती पिंजरा, तुकडा उचलायला चिमटा किंवा चुंबक. पेडल काढून दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणे. आणि शेवटी हातमोजे, ज्यांचा रॅमपुढे काही उपयोग नाही. धारेच्या पत्र्याने हात कापू नये म्हणून ते ठीक. ड्रिल मशीनवर तर हातमोजा हाच धोका आहे, फिरते टोक त्याला धरते आणि मागोमाग हात ओढते. तरीही आपल्याकडे सुरक्षेची सुरुवात याच खालच्या पायरीपासून होते. हेल्मेट वाटली, ‘सुरक्षा प्रथम’ची पाटी लावली, ४ मार्चला शपथ घेतली, झाले.

दोन बटणांचेही सांगतो. मी पाहिलेल्या एका शेडमध्ये दोनांपैकी एक बटण काडीपेटीची काडी खुपसून कायमचे दाबून ठेवले होते. मालक कामगारावर चिडला. मी त्या ऑपरेटरला नंतर विचारले तर तो म्हणाला, “दोन्ही हात बटणाला लावले तर तुकडा कोण धरणार? आणि टार्गेट तर तेच आहे.” बटणे बसवताना तुकडा धरण्याची सोय केलेली नव्हती आणि दर तासाचा आकडाही बदललेला नव्हता. काडी त्याने घातली हे खरे. ती घालायला त्याला कोणी लावले, हे शोधणे म्हणजे धोका ओळखणे.

सेन्सरची गोष्ट याहून फसवी. मशीनपुढे प्रकाशकिरणांचा पडदा असतो, हात मध्ये आला की मशीन थांबते, असे सांगतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या घर्षण क्लचच्या मशीनमध्ये ते थांबतेही. हाताचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर धरायची पद्धत आहे. मशीन थांबायला सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल तर तेवढ्यात हात ३२ सेंटीमीटर पुढे जातो, म्हणून पडदा डायपासून त्याहून दूर हवा. पण चावीच्या क्लचला असला पडदा लावला, तर तो फार तर नवा फेरा सुरू होऊ देणार नाही. सुरू झालेला फेरा तो थांबवूच शकत नाही, कारण ते मशीन मध्ये थांबण्यासाठी बनलेलेच नाही. तपासणीच्या यादीत मात्र ‘सेन्सर आहे का?’ एवढाच प्रश्न असला, की उत्तर ‘होय’ येते आणि पान उलटते. असे सेन्सर मी दोन ठिकाणी पाहिले. हिरवा दिवा लागलेला होता.

आता ‘निष्काळजीपणा’कडे. हा शब्द एकट्या आमच्या सुपरवायझरचा नव्हता, त्याला मोठी परंपरा आहे. हर्बर्ट हाइनरिक हा अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत नोकरीला होता. त्याने १९३१ मध्ये औद्योगिक अपघातांवर पुस्तक लिहिले, ते पुढे कितीतरी वर्षे या विषयाचे पाठ्यपुस्तक होते. एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० बिनइजेचे प्रसंग असतात, हा त्याचा त्रिकोण प्रसिद्ध आहे. आकडे कामागणिक बदलतात, पण तीनशे वेळा थोडक्यात निभावलेले कोणीतरी पाहिलेले असते ही त्यातली गोष्ट मोलाची. त्यानेच असेही मांडले, की शंभरातले ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात. हा आकडा आजही व्याख्यानांत ऐकू येतो. पण त्याची सामग्री होती विमा कंपनीकडचे दावे आणि कारखान्यांकडची अपघातांची कागदपत्रे, आणि ती बहुतेक वरिष्ठांनी लिहिलेली. ज्या कागदावर मी लिहिले तसल्याच कागदांची ती बेरीज असणार.

कारखान्याच्या भिंतीआड एवढी गुंतागुंत, तर उघड्यावर काय असेल? २९ जून २०१९ ला, शनिवारी मध्यरात्री उलटून गेल्यावर, कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. पंधरा माणसे गेली, त्यांत चार मुले. बहुतेक बिहारमधली. भिंतीबरोबर वरच्या पार्किंगमधल्या मोटारीही खाली आल्या. त्या दिवसांत पाऊस मुसळधार होता आणि ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द लगेच उच्चारले गेले.

मातीला अडवणाऱ्या भिंतीचे गणित आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने आहे. भिंतीमागची माती कोरडी असते तेव्हा तिचा रेटा बेताचा असतो. पाणी साठले, की मातीच्या रेट्यात पाण्याचा रेटा मिळतो. सहा मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ भरले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकट्या पाण्याचाच जोर १८ टन होतो. म्हणून अशा भिंतींना पाणी निघून जायला भोके ठेवतात, आणि म्हणूनच भिंतीच्या पायथ्याशी खोदकाम करायचे तर आधी तिला आधार द्यावा लागतो. पुण्यात जूनमध्ये पाऊस पडतो, ही काही अनपेक्षित बातमी नव्हे. भिंत, खोदकाम, पाऊस आणि झोपड्या यांतली प्रत्येक गोष्ट कोणाला ना कोणाला दिसत होती. चारही एका कागदावर आणून मांडण्याचे काम मात्र कोणाचे नव्हते. बांधकामाच्या धोक्यांच्या यादीत क्रेन असते, परांची असते, विजेची वायर असते. मजूर रात्री कुठे झोपतो, हे त्या यादीत सहसा नसते. खरे तर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मजुरांच्या तात्पुरत्या राहण्याची सोय करणे मालकावर बंधनकारक केले होते. म्हणजे झोपडी हा कामाचाच भाग आहे, हे कायद्याने मान्य केलेले आहे.

तीनच दिवसांनी आंबेगावात दुसरी भिंत पडली आणि सहा मजूर गेले. त्याच रात्री मालाडला भिंतीखाली वीसहून अधिक. तीन भिंतींनंतर तरी ‘अपघात’ हा शब्द जपून वापरायला हवा होता.

पुण्याच्या आसपासची यादी लांबवता येईल. २०१६ च्या जुलैमध्ये बालेवाडीत उंच मजल्यावरचा स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले. मे २०१९ मध्ये उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानात पाच कामगार आगीत सापडले. ते रात्री दुकानातच झोपत आणि दाराला बाहेरून कुलूप होते. इथे कपड्यांची जोखीम सांभाळली गेली होती. जून २०२१ मध्ये मुळशीत उरवडे इथे पाणी शुद्ध करायच्या रसायनांच्या कारखान्याला आग लागून सतरा कामगार गेले, बहुतेक बायका. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात सळ्यांची जाळी कोसळून पाच. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात केकवर लावायच्या, फुलबाजीसारख्या उडणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. पहिल्याच दिवशी सहा बायका गेल्या, पुढे रुग्णालयात आणखी. यांतल्या कितीतरी जागा अशा होत्या, की तिथे धोका ओळखायला यंत्र लागत नव्हते. कुलूप कुठल्या बाजूने आहे एवढे पाहायचे होते.

कायदा यात कुठे येतो? त्याचा प्रवास एका आकड्यातून दिसतो. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ मध्ये ही संख्या पन्नासावर आली, १९२२ मध्ये वीसवर, आणि १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी दहावर. संख्या जसजशी खाली आली तसतशी लहान शेडमधली माणसे कायद्याच्या नजरेत येत गेली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेत ती पुन्हा वीस आहे. आमचा तीन नंबरचा प्रेस ज्या शेडमध्ये होता, ती त्या काळी कायद्याच्या आत होती. आज तशीच शेड, तितक्याच माणसांची, नव्या मोजमापाने बाहेर पडू शकते. निरीक्षक येऊन फार काही बदलत होते असे नाही. पण येऊ शकत होते.

याहून मला महत्त्वाचे वाटते ते १९४८ च्या कायद्यात भोपाळनंतर, १९८७ मध्ये घातलेले एक कलम. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगाराला आपल्या जिवाला तातडीचा धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले, तर तो ते मालकाच्या लक्षात आणून देऊ शकत होता, निरीक्षकालाही कळवू शकत होता, आणि मालकाने लगेच उपाय करायला हवा होता. म्हणजे ज्याचा हात आत जातो त्याला वाटणे, हा पुरावा म्हणून मान्य झाला. फक्त प्रेस शॉप त्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत येत नव्हते. मामांना सोमवारी वाटले होते ते त्या कलमातही बसले नसते.

ही मागणी नवी नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईला नेऊन चालवले. त्याच लोखंड्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. आठवड्याची सुट्टी त्यांनी मिळवून दिली हे आपल्याला ठाऊक असते. त्याच मागण्यांत असेही होते, की कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा निकामी झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी आला.

गेल्या पावसाळ्यात मोशीजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये गेलो होतो. मालक तरुण, बापाचा कारखाना चालवणारा. त्याने चार मशीन हवेच्या क्लचची घेतली होती आणि मला मोठ्या उमेदीने धोक्यांचे रजिस्टर दाखवले. छापील होते, सल्लागाराकडून आलेले, प्रत्येक मशीनपुढे गुण दिलेले. सुटीच्या वेळी मी चार नंबरच्या ताईंना विचारले, “ताई, इथे तुम्हाला भीती कशाची वाटते?”

त्या हसल्या. “मशीनची नाही वाटत दादा. पण सेकंड शिफ्ट सुटली ना, की संडासाकडच्या जिन्याला लाइट नाही. तिथं तेलाचा डबा ठेवतात. मागच्या महिन्यात एकजण घसरली.”

मालक शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “मला कुणी सांगितलं नाही.”

“विचारलं नाही ना, भाऊ.”

त्याने रजिस्टर उघडले. छापील रकान्यांत जिना नव्हता. शेवटच्या पानाच्या मागे, कोऱ्या जागेत, त्याने पेनाने लिहिले : जिना, दिवा, तेलाचा डबा. मग थोडे थांबून ताईंना विचारले, “अजून काय?” आणि त्या सांगू लागल्या.